उसाला सरवा नसतो

कांदा काढायला बसलं की बोलावं लागत नाही, आणि सुवार्ताला सध्या तेवढंच हवं होतं. उकिडवं बसायचं, डाव्या मुठीत पात धरायची, खुरप्याच्या टोकानं मुळाखालची माती जरा सैल करायची, कांदा उपटून मागं ठेवायचा आणि बसल्या बसल्या पुढं सरकायचं. सकाळी पात दवानं ओली असायची. बोटं बधिर व्हायची आणि उन्हं वर आली की पुन्हा जागी व्हायची. बोटांचं तसं होत होतं, बाकीच्या बाईचं होत नव्हतं.

दिवाळी सरली आणि तिचा नवरा दाविद गेला. पाटाला पाणी आलं म्हणून दारं धरायला गेला आणि छातीत कळ येऊन वाफ्यातच बसला. दौंडहून पाळकसाहेब आले, माती झाली, यवतहून माहेरची माणसं आली आणि गेली. सुवार्ता रडली नाही असं नाही, पण ती इतरांचं बघून रडली. नंतर सगळे आपापल्या घरी गेले, आणि तेव्हापासून कुणी काहीही म्हणालं की ती 'बरं' म्हणायची. चहा घे, बरं. झोप आता, बरं. तेवढ्या एका शब्दावर तिचं सगळं भागत होतं.

आता जो कांदा ती काढत होती तो दाविदनंच लावलेला होता. याचं काहीतरी वाटायला पाहिजे, हे तिला कळत होतं. वाटत मात्र काही नव्हतं. कांदा चांगला पोसलाय, एवढंच तिच्या ध्यानात आलं.

पलीकडच्या वाफ्यात तिची धाकटी जाऊ अनिता बसली होती. अनिताचा हात जेवढा चालायचा त्याच्या दुप्पट तोंड चालायचं.

"ताई, ह्यो शेवटचाच कांदा बरं का. औंदा ऊस लावायचा म्हणत्यात हे. कुरकुंभच्या कंपनीतली शिफ्ट करून कांद्याचं कोण बघणार? उसाला काय, पाणी सोडलं की झालं."

"बरं," सुवार्ता म्हणाली.

रान त्यांच्या सासऱ्याचं, शांतवन आबांचं. आबांनी उभी हयात रेल्वेत गँगमनची नोकरी केली, रुळावर घण मारून मारून खांदा वाकडा करून घेतला आणि पै पै जोडून भीमेकाठचं हे रान विकत घेतलं. एक पाट रानाच्या मधोमध गेला होता. पाटाच्या अलीकडची बाजू थोरल्या दाविदनं बघायची, पलीकडची धाकट्या सत्यजीतनं. कागदावर सगळं आबांचंच होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. दोघं भाऊ एका ताटात जेवायचे, तिथं रानाची वाटणी कोण करतो?

आबांचं एक होतं. शास्त्र वाचायचं आणि तसंच वागायचं. त्यांच्या आज्यापासून घर ख्रिस्ती. शास्त्र, म्हणजे बायबल, तसं भावकीत पुष्कळांच्या घरात होतं. फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेलं. आबांचं मात्र रोज सकाळी चहाच्या आधी उघडायचं आणि जे निघेल ते त्या दिवशी घराला लागू व्हायचं. घर बांधलं तेव्हा भिंतींना गिलावा व्हायच्या आधी त्यांनी गच्चीला कठडा बांधून घेतला, कारण नव्या घराच्या धाब्यावरून कुणी पडून मेला तर त्याचं रक्त घरमालकाच्या माथी, असं शास्त्रात आहे. गावानं टिंगल केली. आबा म्हणाले, गिलाव्यावाचून कुणी मरत न्हाई. मळणीच्या बैलाला मुसकी बांधू नये, असं एक ठिकाणी आहे. बैल तर कधीच विकले गेले. आबांनी विचार केला आणि ट्रॅक्टरवाल्याला पोटभर न्याहारी घातल्याशिवाय रानात घालायचं नाही, असं ठरवलं. त्यामुळं हंगामात सगळं गाव ट्रॅक्टरच्या मागं फिरत असताना आबांकडं तो आपण होऊन यायचा.

आणि बांधाकडचे वाफे. शेत अगदी कोपऱ्यापर्यंत कापू नये, मागं राहिलेलं वेचायला परत फिरू नये, ते विधवेचं, पोरक्याचं आणि परक्याचं, असा नियम मोशेच्या काळचा आहे. आबांनी तो जसाच्या तसा उचलला. दर वर्षी बांधाकडचे दोन वाफे न काढता सोडायचे. रानात जो कांदा मातीत दडून राहतो, खुरप्यानं कापला जातो, बारीक, गोलटी म्हणून टाकला जातो, तो सरवा. तोही सोडायचा. सरवा वेचायला बाया सगळ्यांच्याच रानात जातात, पण पीकच राखून ठेवणारा गावात हा एकटा. विधवा म्हणून सरदारबी यायची, पोरकी म्हणून एक-दोन पोरं यायची, आणि परका कोण याचा आबांना प्रश्न पडला तेव्हा त्यांनी वीटभट्टीवरच्या बिहारी माणसांना जाऊन आवतण दिलं. लोक त्या वाफ्यांना आबांचे येडे वाफे म्हणायचे. त्यातला कांदा घरी न्यायला मात्र कुणाचं ना नव्हतं.

काढणी निम्म्यावर आली तेव्हा एका सकाळी आबांनी शास्त्र मिटलं, पण चहाचा कप हातात घेतला नाही. सत्यजीत भिंतीला टेकून बसला होता. कंपनीची बस चुकू नये म्हणून त्याच्या पायात बूट होते. अनिता चुलीशी, सुवार्ता उंबऱ्याशी.

"सत्या म्हणतोय त्ये खरं हाय," आबा म्हणाले. "रान येका हातात पायजे. मी काय आता पिकलं पान. म्हणून रान सत्याच्या नावावर करतो. त्यो ऊस लावील." मग ते सुवार्ताकडं वळले. त्यांचा आवाज भरून आला. "आन् तुझं म्हणशील पोरी, तर तुला मी वाऱ्यावर सोडणार न्हाई. शास्त्रातच सोय हाय. बांधाकडचे दोन वाफे तुझे. रानात जो सरवा राहील त्यो बी तुझा. दोन टायमाची भाकरी या घरात. माझ्या मागं बी हे मोडायचं न्हाई, सत्या, कळलं का?"

"मोडतोय कशाला?" सत्यजीत म्हणाला. "वहिनी का परक्या हायत्या?"

आबांनी डोळे पुसले. आपण फार मोठं काम केलं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. हीच त्यातली पंचाईत होती. लबाडाशी निदान भांडता येतं.

"बरं आबा," सुवार्ता म्हणाली आणि कपबश्या गोळा करून मोरीत नेल्या.

काढणी संपली. दोन-तीन दिवस कांदा रानातच पातीखाली झाकून सुकवला, मग पात कापली, गोण्या भरल्या आणि टेम्पो घरी गेला. रानात नुसती वाळकी पात पसरलेली, आणि बांधाच्या कडेला दोन वाफे हिरवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवार्ता एकटीच खुरपं आणि रिकामी गोणी घेऊन तिथं जाऊन बसली. तिला वाईट वाटत नव्हतं. काम होतं, ते करायचं होतं. ती दहा-बारा कांदे उपटते न उपटते तोच बांधावर सावल्या पडल्या. सरदारबी आली होती. बरोबर भट्टीवरची एक बाई, तिच्या डोक्यावर पाटी.

सरदारबीचं वय झालं होतं, गुडघे गेले होते, पण सरव्याला यायची ती नटून. स्वच्छ लुगडं, डोळ्यांत सुरमा. भीक मागायला येत नाही, हक्काचं न्यायला येते, असा तिचा एकूण थाट. ती वाफ्याच्या कडेला थांबली आणि नुसती बघत राहिली.

"आबांनी औंदा वाफं बी काढायचं ठरिवलं व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई चाची. हे माझ्यासाठीच सोडल्यात."

"तुझ्यासाठी म्हंजी?"

सुवार्तानं सांगितलं. रान भावजींच्या नावावर होणार, तिला वाफे आणि सरवा. सांगताना तिचा हात थांबला नाही. सरदारबीनं मान हलवली, खाली बसली आणि गुडघे चोळू लागली. भट्टीवरच्या बाईला मराठी येत नव्हतं, पण काय झालं ते तिला कळलं असावं. तिनं पाटी डोक्यावरून उतरवली आणि रिकामीच काखेत धरली.

"माझा मालक गेला," सरदारबी म्हणाली, "तवा आमच्याकडं रानच न्हवतं. आसतं तर मी कशाला आली आसती कुणाच्या बांधाला? न्हवतं, म्हणून आली. तुझं तसं हाय का, पोरी?"

सुवार्तानं पुढचा कांदा उपटून मागं ठेवला.

"मला कांद्याचं न्हाई गं. तू बसलीस तर मी उठते, त्यात काय. पर तू आमच्यात यिऊन बसलीस, मग आम्ही जावं कुठं?"

ती उठली. उठायला तिला बांधाचा आधार घ्यावा लागला. सुवार्तानं पाटी भरून घ्या, निम्मं निम्मं करू, असं म्हटलं, पण सरदारबीनं हात हलवला. मालकिणीनं दिलं असतं तर घेतलं असतं, सरवेवालीकडून कसं घ्यायचं? तसं ती बोलली नाही, पण तिच्या चालण्यावरून ते दिसत होतं. दोघी बांधाबांधानं निघून गेल्या.

ऊन चढलं. सुवार्तानं वाफे काढले, मग सबंध रानातून सरवा वेचत फिरली. कमरेत वाकून, एका हातानं पात बाजूला सारत. रस्त्यानं जाणारा हनुमंत, सोसायटीचा चेअरमन, मोटरसायकल उभी करून म्हणाला, "काय साळवेवहिनी, स्वतःच्याच रानात सरवा?" आणि हसला. त्याला ती गंमत वाटली होती. घरची बाई घरच्या रानात सांडलवंड गोळा करते, यात एरवी काही नसतंच.

संध्याकाळी ती गोणी डोक्यावर घेऊन घरी आली. पडवीत सगळा कांदा ओतलेला होता, अनिता निवडत बसली होती. सुवार्ता गोणी तिथंच टेकवायला गेली तर अनिता लगबगीनं म्हणाली, "ताई, तुमची तिकडं कोपऱ्यात ठिवा बरं. आमच्यात मिसळंल."

तिनं काही दुष्टाव्यानं म्हटलं नाही. हिशोब नीट राहावा म्हणूनच म्हटलं. सुवार्तानं गोणी कोपऱ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याशी ठेवली. हात धुतले. भाकरी थापायला बसली. तव्यावरची भाकरी उलटताना तिच्या मनात एकच गोष्ट आली आणि ती काही केल्या जाईना. पुढच्या साली रानात ऊस असणार. कारखान्याची टोळी येणार, बुडापासून तोडणार, मोळ्या बांधून ट्रॉलीत भरणार. त्यात मागं काय राहतं? पाचट. तेही पेटवून देतात.

सकाळी आबांचं वाचन झालं, प्रार्थना झाली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. आबांनी कपाला हात घातला तेव्हा सुवार्ता उंबऱ्यावरून म्हणाली,

"आबा, उसाला सरवा आसतो का?"

आबांचा हात कपाच्या कानावरच राहिला. सत्यजीत बुटाची लेस बांधत होता, त्यानं वर बघितलं.

"काय म्हणाली?"

"उसाला सरवा आसतो का, इचारलं. बांधाकडचा ऊस ठिवला तर मी त्यो काय करायचा? चावून खायाचा?"

बोलताना ती चिडलेली नव्हती. मीठ संपलं हे सांगावं तशा आवाजात ती बोलत होती. आबांनी शास्त्राकडं बघितलं. गहू होता त्यात, सातू होते, द्राक्षं होती, जैतुनाची झाडंसुद्धा होती. ऊस नव्हता.

"तुला दोन टायमाची भाकरी हाय की," शेवटी ते म्हणाले.

"भाकरी नको. मला दाविदचं रान द्या. पाटाच्या अलीकडचं."

सत्यजीत उठून उभा राहिला. तो मुळात वाईट माणूस नव्हता. पण कंपनीत वर्षानुवर्षं रसायनांचा वास घेऊन, रात्रपाळ्या करून, कधी ना कधी हे सोडून स्वतःच्या उसात उभं राहायचं, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं. आणि तेच कुणी निम्मं मागत होतं.

"वहिनी, तुमाला मूल न्हाई बाळ न्हाई. रान कुणासाठी पायजे?"

चुलीशी अनितानं फुंकणी खाली ठेवली. हे लागायला पाहिजे, सुवार्ताच्या मनात आलं. तिनं वाट बघितली. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही, तसं ते वाक्य आत कुठंतरी जाऊन पडलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

त्या दिवशी कुणी चहा प्यायलं नाही. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, आमेन झालं, आणि सुवार्तानं तेच म्हटलं. "आबा, मला दाविदचं रान द्या." तिसऱ्या दिवशी तेच. ओरडणं नाही, रडणं नाही. वाक्य संपलं की कपबश्या घेऊन मोरीकडं. सत्यजीतनं दोनदा शिव्या दिल्या, मग तो आमेनच्या आधीच घराबाहेर पडू लागला. अनितानं समजूत घातली, मग अबोला धरला. अनिताला अबोला धरणं म्हणजे काय, हे ज्याला ती ठाऊक होती त्यालाच कळलं असतं.

मधल्या काळात रानात ट्रॅक्टरचा रोटर फिरून माती भुसभुशीत करून गेला. आबांची झोप उडाली. ते दिवसभर गच्चीच्या कठड्याशी बसून राहायचे. एका सकाळी त्यांनी शास्त्र उघडलं आणि चार ओळी वाचून थांबले. येशूनं सांगितलेली ती विधवेची गोष्ट निघाली होती. गावात एक न्यायाधीश असतो, देवाला न भिणारा आणि माणसाला न मानणारा, आणि एक विधवा रोज त्याच्या दारात जाऊन माझा न्याय कर म्हणते. शेवटी तो कंटाळून करतो. आबांनी पान उलटलं, परत मागं आले, चष्मा काढला.

"मी त्यो न्यायाधीश न्हाई," ते पडेल आवाजात म्हणाले.

"म्हणून तर तुमाला इचारते," सुवार्ता म्हणाली.

उसासाठी सऱ्या पाडायचा दिवस सत्यजीतनं सुट्टी टाकून ठरवला. ट्रॅक्टर अलीमचा, हप्त्यावर घेतलेला. अलीम हा सरदारबीचा मुलगा, चार माणसांत कमी बोलणारा. आबांच्या रिवाजाप्रमाणं त्याला पडवीत बसवून भाकरी, कांद्याची पात घालून केलेलं पिठलं आणि चहा झाला. तो जेवत असताना सुवार्ता घरात नव्हती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती रानात, पाटाच्या अलीकडच्या काठावर बसली होती. अडवायचं वगैरे तिनं काही ठरवलं नव्हतं. पहाटे उठली, दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला, चालत आली आणि बसली. रोटर मारलेली माती गार आणि मऊ होती. दाविद माती हातात घेऊन वास घ्यायचा. तिनं घेऊन बघितला. मातीचाच होता.

ट्रॅक्टर पलीकडच्या बांधापासून सुरू झाला. एक फेरी, दुसरी फेरी, सरळ सऱ्या पडत गेल्या आणि तो पाटाकडं सरकत आला. सत्यजीत पुढं चालत हातवारे करत होता. पाटाजवळ आल्यावर त्यानं पाट बुजवायला फावडं उचललं आणि तेव्हा त्याला ती दिसली.

"उठा, वहिनी."

ती उठली नाही.

"उठा म्हणतो. आलीम, तू चाल पुढं."

अलीमनं ट्रॅक्टर बंद केला. एकदम शांत झालं. "भाभी," तो सीटवरूनच म्हणाला, "उठताय का? माजं पुढचं भाडं खोळंबलंय."

"तू आलास तिथवर बरोबर हाय," सुवार्ता म्हणाली. "हिकडं नको."

सत्यजीतनं तिचा दंड धरला आणि ओढलं. ती उठली, कारण ओढल्यावर माणूस उठतंच. त्यानं सोडल्यावर ती पुन्हा तिथंच खाली बसली. त्यानं पुन्हा ओढलं. या वेळी ती कोपरावर पडली, पदराला, केसांना माती लागली. तिसऱ्या वेळी त्याचा हात पुढं झाला आणि मधेच थांबला. अलीम बघत होता. रस्त्यावर दोन माणसं उभी राहिली होती.

"आबांना बोलाव," सत्यजीत त्यातल्या एकाला ओरडून म्हणाला.

आबा आले ते अनवाणी, धोतराचा सोगा हातात धरून. पायांखाली ढेकळं होती, त्यामुळं त्यांना चालायला वेळ लागला. ते ट्रॅक्टरपाशी पोचले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता.

"आबा, सांगा त्याला," सत्यजीत म्हणाला. "आख्ख्या रानात सऱ्या पाडायच्या का न्हाई?"

"मला तुम्ही सांगा," अलीम म्हणाला. "रान तुमचं. कुठवर पाडू?"

आबा पाटाच्या काठानं चालत सुवार्तापर्यंत आले. तिचा पदर, कोपर, केस त्यांनी बघितले. सुवार्ता त्यांच्याकडं बघत नव्हती, समोर बघत होती. आजवर कधी काही पेच पडला की आबा मागं वळून घराकडं, फळीवरच्या शास्त्राकडं बघायचे. आज घर लांब होतं. त्यांनी वाकडा खांदा सरळ करायचा प्रयत्न केला आणि पायाच्या अंगठ्यानं पाटाच्या काठावर दाबून दाखवलं.

"हितवर."

"आबा!"

"हितवरच. ह्याच्या अलीकडचं दाविदचं. म्हंजी हिचं."

सत्यजीतनं फावडं टाकून दिलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता, आणि म्हणूनच तो जास्त मोठ्यानं बोलला. "मग हिच्याकडंच खावा इथनं पुढं! माझ्या दारात येऊ नका भाकरीला." तो बांध ओलांडून रस्त्यावर गेला, मोटरसायकलला किक मारली आणि धुरळा उडवत निघून गेला. अलीमनं ट्रॅक्टर चालू केला, अवजार वर उचललं आणि पाटाशी वळवून उरलेल्या सऱ्या पाडायला परत फिरला. रस्त्यावरची माणसं थोडा वेळ थांबली, मग तीही गेली.

दुपार झाली. पाटाच्या पलीकडं सऱ्याच सऱ्या, अलीकडं सपाट रान. सुवार्तानं ते नजरेनं मोजून पाहिलं. एकट्या बाईला हे रान फार होतं. पाण्याची पाळी, खुरपणी, औषध मारणं, सगळं तिला एकटीला करायचं होतं. तिला आनंद झाला नाही. रान मिळालं होतं, दाविद मिळणार नव्हता. पण कुठल्या वाफ्याला पाणी आधी चढतं आणि कुठं तुंबतं, हे मात्र ती आपोआप आठवू लागली होती.

आबा तिच्यापासून थोड्या अंतरावर बसले होते. कधीपासून बसले होते, कुणास ठाऊक. घराकडून कुणी जेवायला बोलवायला आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं, हे दोघांना कळलं होतं. बऱ्याच वेळानं तिनं फडकं सोडलं, एक भाकरी त्यांच्या हातावर ठेवली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि दुसरी आपण घेतली.

आबांनी जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी डोळे मिटले. भाकरी धरलेला हात एका बाजूला कलला.

"शास्त्रात विधवा लिव्हलंय," ते डोळे मिटूनच म्हणाले. "मी वाचलं आन् तुझ्याकडं बघितलं. माझ्या पोराची बायको हाय, हे बघायचं राहिलं. मी चुकलो का गं?"

सुवार्तानं त्यांच्या हातावरची ठेच्याची पडू लागलेली गोळी बोटानं नीट सरकवली.

"चुकला व्हता, आबा," ती म्हणाली. "जेवा आता."